निजसुरे काकांचा रेंजफाइंडर

यशवंत निजसुरे घरात निघालेला कोळी मारत नसत. त्याच्यावर कागदी कप पालथा घालायचा, खालून जाड पाकीट सरकवायचं आणि अलगद अंगणात नेऊन सोडायचा, ही त्यांची रीत. जानेवारीत बाहेर सोडला तर गारठून मरेल, म्हणून हिवाळ्यात ते त्याला गराजमध्ये सोडत, आणि मग वर्षभर गराजमध्ये कोळिष्टकं झाली म्हणून कुरकुरत. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचा वाढदिवस गोड मानून घेतला नाही. या गृहस्थांनी एका शनिवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजवली आणि म्हणाले, "समीर, बूट घाल. शिकारीच्या दुकानात जायचंय."

मी हसलो. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं, कारण निजसुरे काका विनोद करत नसत. ते खरोखरच शिकारीच्या दुकानात निघाले होते आणि त्यांना सोबत हवी होती.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात टाउनहाउसच्या एका रांगेत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. डेट्रॉइटच्या आसपास येणारा माणूस मोटारींच्या जिवावर पोट भरायला येतो. काका फार पूर्वी सांगलीहून आले, गिअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या मोजमापाच्या खोलीत शिरले आणि तिथेच राहिले. तयार झालेला दाता केसाच्या कितव्या भागाने चुकला आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. मी नागपूरचा. माझा मोटारींशी संबंध एवढाच, की त्या बनवणाऱ्यांच्या पगाराचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. त्या सॉफ्टवेअरमधली नावं दर तिमाहीला कमी होत होती, पण तो विषय आम्ही टाळायचो.

मोजायची सवय कामावरून काकांच्या मागे घरी आली होती. 'साधारण', 'जवळपास', 'असेल' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "अंदाज नको, आकडा सांग," असं ते लगेच म्हणत. माझ्या बायकोने, वृषालीने, एकदा त्यांना भाजणीचं प्रमाण सांगताना 'मूठभर धणे' म्हटलं, तर तिला वजनकाट्यावर मूठ उघडायला लावली. मंडळाच्या गणपतीला कुणी 'काका, थोडं सरकून बसा' म्हटलं की हे विचारणार, "थोडं म्हणजे?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलणार नाहीत. लोक हसायचे. मालती काकू सगळ्यांत जास्त हसायच्या.

काकू होत्या तोवर ही सगळी गंमत होती. त्या आजारी पडल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की अजून थोडा वेळ आहे. काका म्हणाले, अंदाज नको, आकडा सांगा. डॉक्टरांनी मग आकडा सांगितला. तो बरोबर निघाला. तुम्हाला सांगतो, त्यानंतर पुष्कळ दिवस काकांच्या तोंडून ते वाक्य ऐकू आलं नाही, आणि ते ऐकू येत नाही म्हणून भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघं बेचैन होतो.

त्यांना एकच मुलगा, रोहन. इथेच जन्मलेला. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र बहुतेक इंग्रजीत. बापलेकांचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं. रोहनचा फोन आला की काका रिसीव्हर उचलायचे, "हां, बरा आहेस? थांब, आईला देतो," म्हणायचे, आणि रिसीव्हर काकूंच्या हातात जायचा. मग शेजारच्या खुर्चीत पेपरच्या आड बसून सगळं ऐकायचे. आपल्याकडचे निम्मे बाप असेच. काकू गेल्यावर एकदा मी तिथे बसलो असताना फोन वाजला. काका म्हणाले, "हां, बरा आहेस? थांब..." आणि रिसीव्हर हातात धरून उभेच राहिले. पलीकडून रोहनही काही बोलला नाही. शेवटी दोघांपैकी कुणीतरी फोन ठेवला. मी उगाचच उठून पाणी प्यायलो.

तर, शिकारीच्या दुकानाकडे जाताना गाडीत मला सगळा खुलासा झाला.

रोहनच्या बायकोचं नाव केली, ती इथलीच. तिचे वडील गॅरी उत्तर मिशिगनमध्ये राहायचे आणि त्यांच्या मालकीचा जंगलाचा एक तुकडा होता. पंधरा नोव्हेंबरला इथे हरणाच्या शिकारीचा मोसम उघडतो. कोकणातला माणूस जशी गणपतीला रजा टाकतो, तशी इथली माणसं त्या दिवशी टाकतात. कारखान्यात निम्म्या मशिनांपुढे कुणी नसतं. लग्न झाल्यापासून रोहन दर वर्षी सासऱ्याबरोबर जायचा. जंगलात लाकडाचं एक खोपटं असतं, त्याला ब्लाइंड म्हणतात. त्यात खिडकीशी दोन खुर्च्या टाकून दोघं पहाटेपासून शेजारी शेजारी बसायचे.

"सासऱ्याच्या शेजारी दिवसदिवस बसतो तो," काका समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून म्हणाले. "माझ्या शेजारी शेवटचा कधी बसला, सांग बघू? कॉलेजला सोडायला गेलो होतो तेव्हा. या गाडीच्या आधीच्या गाडीत."

या वर्षी गॅरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एक खुर्ची रिकामी होती. रोहनने फोनवर, बहुधा रीत म्हणून, विचारलं होतं, "बाबा, यू वाँट टू कम?" आणि काका त्याने शब्द मागे घ्यायच्या आत हो म्हणून बसले होते.

"पण तुम्ही तिथे करणार काय, काका?"

"बंदुकीला हात लावणार नाही. पण रिकाम्या हातांनी कुणाच्या शेजारी इतका वेळ बसता येतं का? काहीतरी काम पाहिजे माणसाला. मी अंतर सांगणार. हरीण किती लांब आहे ते. त्याचं यंत्र मिळतं. नेम त्याचा, आकडा माझा."

"म्हणजे हरीण मरेल त्यात तुमचाही हात असेल."

सिग्नल हिरवा झाला तरी काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बघू."

निजसुरे काका 'बघू' म्हणाले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुकानाच्या दाराशी पेंढा भरलेलं अस्वल दोन पायांवर उभं होतं. आत भिंतभर बंदुका. अकरा सप्टेंबरनंतरच्या त्या वर्षांत आपल्यासारख्या रंगाची दोन माणसं बंदुकांच्या भिंतीपुढे रेंगाळणं मला काही बरं वाटत नव्हतं. "काका, माझं ग्रीन कार्ड अडकलंय हो," मी कुजबुजलो. "मग हात खिशातून बाहेर ठेव," ते म्हणाले आणि सरळ काउंटरवर गेले. तिथे ड्वेन नावाचा दाढीवाला अगडबंब माणूस होता. त्याने काकांच्या चेक्सच्या शर्टाकडे, खिशातल्या दोन पेनांकडे पाहिलं आणि फार आदराने विचारलं, की आपली काय मदत करू.

रेंजफाइंडर म्हणजे मुठीत मावणारी एकडोळी दुर्बीण. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा किरण जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि भिंगात यार्डांचा आकडा उमटतो. किरण परत आलाच नाही, तर आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. ड्वेनने रिवाजाप्रमाणे सगळ्यांत महाग नग आधी पुढे ठेवला. हजार यार्डांवरचंही सांगतो म्हणाला. काकांनी तो डोळ्याला लावला, पार्किंगच्या टोकाच्या दिव्याचा आकडा वाचला, किमतीची चिठ्ठी वाचली, आणि दोन्ही हातांनी परत दिला.

"माय वर्क इज विदिन अ हंड्रेड यार्ड्स," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "इतक्या लांबचं मला बघायचंच नाही. आपल्याला स्वस्तातला चालेल."

आता स्वस्तातला निवडायचा म्हणजे कसा, याची काकांची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. या देशात घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर परत करता येते, ही गोष्ट आपल्या लोकांना विमानतळावरून घरी येताना वाटेतच सांगितली जाते. पाहुणे येणार म्हणून हवेची गादी आणायची आणि पाहुणे गेले की परत करायची, हे करणारे लोक माझ्या माहितीत आहेत. काका तसे नव्हते. ते वस्तू परत करायचे ती नापास झाली म्हणून. खोक्याची चिकटपट्टी ब्लेडने इतकी हळुवार सोडवायचे की परत लावल्यावर ड्वेनलाही कळू नये, आणि मग स्वतःच ड्वेनला सांगायचे की मी हे उघडलं होतं.

पहिला नग एका आठवड्यात नापास झाला. समोर गवताचं एखादं पातं आलं की पलीकडचं सोडून तो त्या पात्याचंच अंतर सांगायचा. "नाकासमोरचं सांगतोय. ते मला दिसतंय," काका म्हणाले. दुसरा कोरड्यात हुशार होता, पण पावसाची भुरभुर सुरू झाली की वाटेल ते बरळायचा. मिशिगनच्या नोव्हेंबरात भुरभुर नाही असा दिवस शोधावा लागतो. तोही गेला.

तिसऱ्याच्या परीक्षेला त्यांनी मला बोलावलं. मला म्हणजे वृषालीच्या माहेरून आलेल्या तपकिरी घोंगडीला.

"खोक्यावर लिहिलंय चारशे यार्ड. ते स्टॉपच्या पाटीचं," काका मला समजावत होते. "पाटी चकचकीत असते, ती किरण परत पाठवते. हरणाच्या अंगावरचे केस पाठवत नाहीत. हरणाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, आणि मला तोही खरा वाटत नाही. तू ती घोंगडी पांघर आणि तळ्याच्या पलीकडे जाऊन ओणवा उभा राहा."

मी इंजिनिअर आहे. माझ्या आईवडिलांनी मला फार अपेक्षेने परदेशी पाठवलं. मी घोंगडी पांघरून, कॉलनीतल्या पावसाच्या पाण्याच्या तळ्याकाठी, चिखलात, चार पायांवर उभा राहिलो. काका पलीकडून ओरडत होते, "आडवा हो! तोंड नको, कूस दाखव!" तेवढ्यात शेजारची म्हातारी मिसेस हॉफमन गाडीतून चालली होती. तिने काच खाली करून काकांना विचारलं, की त्या माणसाचं काही हरवलंय का.

"नो, नो," काका दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाले. "ही इज अ डिअर."

मिसेस हॉफमननी काच वर केली. त्यानंतर नाताळला आमच्याकडे तिच्या कुकीज आल्या नाहीत. पण तिसरा नग पास झाला. काकांनी टेप घेऊन अंतर ताडून पाहिलं, पुन्हा मला ओणवं केलं, पुन्हा ताडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी काकू गेल्यानंतर पहिल्यांदा समाधान पाहिलं. ते लगेच ओसरलं. "नोव्हेंबर अजून लांब आहे," ते म्हणाले. "तोवर त्याने बेत बदलला नाही म्हणजे मिळवली."

रोहनने बेत बदलला नाही. काकांनी मात्र आयुष्य बदललं. हरणाला माणसाच्या आधी त्याचा वास येतो, असं गॅरीने कळवलं होतं. काकांनी हिंग बंद केला. लसूण बंद, कांदा बंद, कपाळावरचा बामही बंद. उकडलेले बटाटे आणि मीठ-भात. घराबाहेरच्या खुंटीवर जाकीट टांगून ठेवलं, फोडणीचा वास लागू नये म्हणून. ज्या घराच्या भिंतीतून आमच्याकडे रोज सकाळी फोडणी ऐकू यायची, तिथे तीन आठवडे चिडीचूप. वृषाली म्हणाली, "सुतक असल्यासारखं वाटतंय हो." खरं तर काकू गेल्या तेव्हासुद्धा त्या घरात इतकं सामसूम नव्हतं.

चौदा नोव्हेंबरला रोहन ट्रक घेऊन आला. काका नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी घालून पायरीवर बसले होते, गळ्यात दोरीने अडकवलेला रेंजफाइंडर. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखे दिसत होते, फक्त मुलगा सत्तरीकडे झुकलेला. रोहनने दार उघडून दिलं. "रेडी, बाबा?" काका म्हणाले, "हां." आणि दोघं गेले.

चौथ्या दिवशी रोहनचा फोन मला आला. मागे लोकांच्या हसण्याचे आवाज होते.

"समीरकाका, लिसन. बाबांचा तो रेंजफाइंडर, इट्स जंक. एव्हरी सिंगल डिअर वॉज टू फार. आय डिडंट टेक अ शॉट. त्यांना सांगा, रिटर्न इट."

त्या संध्याकाळी काका परत आले. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तेव्हा खिडकीशी बसले होते. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता, जमिनीवर टिकत नव्हता, नुसता चिखल करत होता. टेबलावर रेंजफाइंडर.

"काका, परत करायची मुदत संपत आलीय. खोकं कुठाय? मी देऊन येतो. रोहन म्हणत होता, बिघडलाय."

"राहू दे."

"अहो, पण चुकीचं सांगतोय म्हणे."

मी यंत्र उचललं, खिडकी उघडली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर धरलं. त्या पेटीचं अंतर अख्ख्या रांगेला पाठ होतं. काकांनीच टेप लावून मोजलेलं. बटण दाबलं. आकडा अचूक होता. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तोच. मग तळ्याच्या पलीकडचं झाड पाहिलं, जिथे मी हरीण झालो होतो. तेही बरोबर.

"यंत्र चांगलं आहे," काका म्हणाले. "त्याच्यात काही खोट नाही."

मी खिडकी लावून त्यांच्यासमोर बसलो.

"पहिल्याच दिवशी आलं रे," ते म्हणाले. "उजाडलं होतं नुकतं. मोठी शिंगं होती. शांत उभं होतं, कूस दाखवून, तू उभा होतास तसं. रोहनने बंदूक उचलली आणि मला हळूच विचारलं, 'हाउ फार, बाबा?' मराठी नाही आलं त्याला तेवढ्यात. पण विचारलं. मला! मी बघितलं. साठ यार्ड."

"मग?"

"मी म्हटलं, दीडशे."

या माणसाने उभ्या जन्मात आकड्यातला दशांशसुद्धा सोडला नव्हता.

"हरणाची दया आली?"

"आली ना. नाही असं नाही." काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण खरं सांगू? त्याच्याकडे परवाना एका हरणाचा. एक मारलं की संपलं. ते ओढत न्यायचं, ट्रकमध्ये घालायचं, सामान आवरायचं आणि घरी. पहिल्याच सकाळी! आम्ही बसून तास नव्हता झाला. मला अजून बसायचं होतं."

"मग रोज?"

"रोज. जे आलं ते लांबच. एकदा तर इतकं जवळ आलं की मला वाटलं आता पकडला जाणार. मी म्हटलं, मधे फांद्या आहेत, आकडा नीट येत नाही." त्यांना किंचित हसू आलं आणि लगेच गेलं. "तिथे बोलायचं नसतं, समीर. ते फार बरं असतं. नुसतं बसायचं. मध्येच तो थर्मासमधून चहा ओतून द्यायचा. आधी मला, मग स्वतःला. मालतीसारखं, कपावर बशी ठेवल्यासारखा हात धरायचा, वाफ जाऊ नये म्हणून. ते त्याने कधी उचललं तिच्याकडून, मला माहीतच नव्हतं."

त्यांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि त्याची दोरी नीट गुंडाळून ठेवली.

"परत करायला गेलो तर ड्वेन कारण विचारणार," काका म्हणाले. "काय सांगू, बिघडलाय? खोटं बोललो तेवढं पुरे. या बिचाऱ्या यंत्राने प्रत्येक वेळी खरं सांगितलं."

रेंजफाइंडर राहिला. काकांच्या घरात आवडीने ठेवून घेतलेली ती बहुधा एकच वस्तू. पण त्याचं खोकं मात्र त्यांनी टाकून दिलं, आणि ते किती मोठं पाऊल होतं, हे ज्यांना काका ठाऊक आहेत त्यांनाच कळेल.

पुढच्या नोव्हेंबरपर्यंत गॅरीचा गुडघा बरा झाला. ब्लाइंडमध्ये खुर्च्या दोनच. कुणी कुणाला वाईट बोललं नाही, कुणी काही विसरलं नाही, फक्त फोन आला नाही. मोसम उघडायच्या आदल्या आठवड्यात वृषालीने भिंतीपलीकडे आमटी नेऊन दिली, तर काका दारातच विचारते झाले, "हिंग आहे का गं यात?" तिने हो म्हटलं. "मग नको," ते म्हणाले. "म्हणजे, अजून काही कळलं नाहीये त्याचं, पण ऐनवेळी बोलावलं तर." वृषाली आमटी घेऊन परत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला त्या दिवशी रोहनचा राग आला, गॅरीच्या गुडघ्याचा आला, आणि काकांचा सगळ्यांत जास्त आला. अहो, फोन उचला आणि सांगा ना, मला यायचंय म्हणून! पण ते त्यांना जमणारं नव्हतं. ते तीन आठवडे बटाटे खात राहिले.

दोन हजार आठ उजाडलं तसं आमच्याकडे घरांपुढे विक्रीच्या पाट्या लागायला लागल्या. पगाराच्या सॉफ्टवेअरमधून एके दिवशी अख्खंच्या अख्खं डिपार्टमेंट मी माझ्या हाताने काढलं. रोहन जिथे होता ती शाखाही बंद झाली. त्याला टेक्सासमध्ये काम मिळालं. मार्चच्या एका रविवारी सामानाचा भाड्याचा ट्रक घेऊन तो आणि केली काकांचा निरोप घ्यायला आले.

काका केलीला आत घेऊन गेले, काकूंचा चांदीचा करंडा तिला द्यायचा होता. मी आणि रोहन ट्रकच्या मागे दोऱ्या आवळत होतो.

"समीरकाका," रोहन म्हणाला, "बाबांनी तुम्हाला त्या बकबद्दल सांगितलं? द बिग वन?"

मी सावधपणे म्हटलं, "ते मोठ्या शिंगांचं हरीण ना? लांब होतं म्हणाले."

"साठ यार्ड होतं." तो दोरीची गाठ बघत होता. "रायफलला साठ यार्डांवर आकडा लागत नाही, काका. यू जस्ट शूट. आय डिडंट नीड टू आस्क."

"मग विचारलंस कशाला?"

"ते इतके दिवस ती वस्तू घेऊन प्रॅक्टिस करत होते ना. केलीला मिसेस हॉफमन भेटली होती." तो हसला, मग हसू ओठांवरच राहिलं. "ही सेड वन-फिफ्टी. सो आय पुट द गन डाउन."

"आणि तो फोन? जंक वगैरे?"

"गॅरीच्या किचनमधून केला होता. सगळे विचारत होते, चार दिवस काय केलंत तुम्ही दोघांनी. समबडी हॅड टू बी राँग. बाबा नकोत." त्याने गाठ पक्की केली. "त्यांना सांगू नका हं."

मी सांगितलं नाही. दोघांचंही दोघांना सांगितलं नाही. चूक केली की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही.

काका बाहेर आले. रोहन वाकून पाया पडला, ते त्याला काकूंनी शिकवलेलं होतं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. काहीतरी बोलतील असं मला वाटलं. "हां," ते म्हणाले. "सावकाश चालव."

ट्रक निघाला. काका ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत गेले आणि जाकिटातून रेंजफाइंडर काढून डोळ्याला लावला.

"चाळीस," ते म्हणाले. मग, "शंभर." कोपऱ्यावर ट्रकचे मागचे दिवे लाल झाले, क्षणभर थांबले, आणि तो मोठ्या रस्त्याला लागला. झाडांना अजून पानं नव्हती, त्यामुळे फांद्यांतून तो लांबवर दिसत होता. "अडीचशे. तीनशे साठ." मग काका बोलायचे थांबले, पण बटण दाबत राहिले. त्यांचा अंगठा हलताना मला दिसत होता.

"दिसतोय ना रे तुला?"

"दिसतोय, काका."

"मलाही दिसतोय. पण नुसत्या रेघा येतायत."

ट्रक अगदी बारीक झाला होता. काकांनी तरीही यंत्र डोळ्यावरून काढलं नाही.

"महागातला घ्यायला हवा होता," ते म्हणाले.